माझ्या अंगाचा तपास

मंडळातल्या बायकांनी गळ घातली, "सुलोचनाबाय, तुमच्या दुखण्यावर चार शब्द लिहा, दुसऱ्या बायकांना धीर यील." धीर देणं मला जमत नाही. शनिवारी देवळातल्या वर्गात मी पोरांना मराठी शिकवते, तिथेही माझी ख्याती गोड बोलण्याची नाही. म्हणून आधीच सांगते. देवाची कृपा, डॉक्टरांचे हात आणि घरच्यांची माया असं ज्यांना वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं. मी वासापासून सुरुवात करणार आहे.

वासाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मला तो ओळखता आला नाही. माझा कॅन्सर गर्भाशयाचा नव्हता. तो बाहेरचा होता, लघवीच्या जागेशेजारी, जिथे बाईने स्वतःसुद्धा बघू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. त्या जागेला आमच्या घरात नाव नव्हतं. मराठीत 'तिथं' म्हणायचं, आणि इथल्या क्रिओल भाषेत जे शब्द आहेत ते पुरुषांनी भांडताना वापरायचे. तिथं आधी खाज होती, कित्येक वर्षं. मग फोड आला. मग तो फुटला, त्यातून पाणी आणि रक्त येऊ लागलं, आणि मग वास सुरू झाला. आम्ही कांप दे मास्क गावची, भाजी पिकवणारी माणसं. शेताच्या कडेला टाकलेला कोबी पावसात सडला की कसा वास मारतो ते मला कोणी सांगायला नको. तोच वास माझ्या परकराला यायचा. मी दिवसातून तीनतीनदा अंघोळ करायची, कापूर घालून पाणी घ्यायची, आणि पुसून उभी राहते न राहते तोच तो पुन्हा हजर.

मला स्वतःची किळस यायची. हे मी आधी लिहून टाकते, कारण पुढे बऱ्याच लोकांची किळस येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की मी स्वतःला सोडलं.

*

आता विटाळाचं सांगते. आमचे पणजे कोकणातून जहाजात बसून इथे, या बेटावर, ऊस तोडायला आले तेव्हा वाटेत पुष्कळ काही सांडलं. गाणी अर्धी राहिली, कुळदैवताचं नाव काहींना आठवेना, गावाचं नाव तर आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. विटाळ मात्र धडधाकट उतरला. सासूबाईंच्या घरात तो कडक. बाईला बाहेरचं झालं की मागच्या पडवीत चटई, वेगळी ताटली, वेगळा कप. चुलीला हात नाही, पाण्याला नाही, देवांना तर नाहीच. चार दिवस बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन आत यायचं.

मी बसले. चार दिवस झाले तरी रक्त होतंच.

"गो, अजून नाय थांबला?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"नाय, आत्याबाई."

"मग बस अजून."

मी बसले. पुन्हा विचारलं, पुन्हा बसले. माझं वय पाळी जायचं होतं. त्या म्हणाल्या, "जाताना असाच जाता. माझा पण तसाच झाला व्हता." त्यांनी मला कसल्या कसल्या पाल्यांचं तिझान, म्हणजे काढा, उकळून पाजलं, कडू जहर. ते त्यांनी मायेने दिलं, हे नाकारत नाही. पण एक ऊसतोड संपली, दुसरी तोंडावर आली, तरी मी पडवीतच. माझी मुलगी अनिता तेव्हा पंधरा वर्षांची, ती शाळेतून येऊन भात लावायला शिकली. आमचे हे दिवसभर लॉरीवर, संध्याकाळी हातपाय धुऊन थेट आत जायचे. शेजारणी पडवीशी येऊन गप्पा मारायच्या, वारा उलटा आला की जरा सरकून बसायच्या. घराने माझ्याभोवती इतकी छान सोय करून घेतली होती की मी आजारी आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. विटाळाला डॉक्टर कशाला? विटाळाला चटई पुरते.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या घरात झाली नसती. शेजारच्या क्रिओल बाईला असं झालं असतं तर तिच्या आईने पहिल्याच महिन्यात तिला दवाखान्यात ओढत नेलं असतं. आमच्याकडे आजाराला लपायला आम्हीच जागा करून दिली, आणि वर ती जागा शेणानं सारवून पवित्र ठेवली.

*

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण हे काकण नव्हतं. एके दुपारी घरात कोणी नाही असं बघून मी आमच्या ह्यांचा दाढीचा आरसा घेतला आणि न्हाणीत कडी लावून खाली धरला.

फुलकोबीचा एक तुरा, मळकट, कडेला काळपट, मधोमध खड्डा. मी तो आरसा उपडा ठेवला आणि तिथेच ओकले. पुढे तो आरसा मी तीनदा धुतला, तरी दुसऱ्या दिवशी हे गालाला साबण लावून त्यात बघत होते तेव्हा मला पुन्हा मळमळलं. फुलकोबी मी आजतागायत शिजवलेली नाही. आम्ही ती पिकवतो आणि बाजारात विकतो, पण माझ्या घरात शिजत नाही.

गावच्या दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर वयस्क. मी कुठे दुखतं ते सांगितलं तशी त्याने मान खिडकीकडे वळवली आणि बघितल्याशिवायच मलम दिलं. त्यालाही किळस आली असावी. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण निदान त्याला त्या किळसेचा पगार तरी मिळत होता.

मलमाने काय व्हायचं? शेवटी अनितानेच बापाला सांगितलं, "पापा, आईला लोपितालात न्या, नायतर मी शाळेतल्या मास्तरणीला सांगीन." मोठ्या इस्पितळात नेलं. तुकडा काढून तपासायला दिला. ज्या दिवशी निकाल होता त्या दिवशी डॉक्टरांनी आमच्या ह्यांना एका बाजूला बोलावलं. रोग माझ्या अंगात आणि बातमी त्यांच्या कानात. मी बाकावर. खिडकीतून फाटक दिसत होतं. हे बाहेर गेले, फाटकापाशी टोपलीवाल्याकडून गातो पिमां घेतले, तिखट डाळीचे ते वडे, कागदात दोन. मला वाटलं एक माझ्यासाठी. त्यांनी उभ्या उभ्या दोन्ही खाल्ले, बोटं पुसली आणि मग माझ्याकडे आले.

"कान्सेर हाय," ते म्हणाले. त्यांच्या ओठाला मिरचीचा तुकडा चिकटलेला होता.

लोक विचारतात, त्या क्षणी काय वाटलं? मरण आठवलं का, देव आठवला का? मला तो मिरचीचा तुकडा दिसत होता. त्यानंतर मला भीती वाटली, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळी. अनिता केस विंचरायला माझ्यासमोर बसली, आणि तिची वेणी घालताना माझ्या हातून पेड सुटले, तेव्हा. हिची वेणी आता कोण घालणार, एवढंच मनात येत राहिलं.

*

शस्त्रक्रियेत काय काढलं ते लिहिते, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बाहेरचं सगळं काढतात. दोन्ही जांघांतल्या गाठीही काढतात. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना नळ्या होत्या आणि मधे काहीच नसल्यासारखं वाटत होतं. जांघेचे टाके काही दिवसांनी उसवले आणि जखम उघडी पडली. म्हणजे वास परत आला. पडवीत निदान वारा होता. इथे वॉर्डात सगळ्या बायकांची नाकं माझ्या खाटेपासून हातभर अंतरावर. भेटायला नातेवाईक यायचे, हातात फळं आणि नाकाला रुमाल. रुमाल लावून "देव बरा करील" म्हणायचे. एक लांबची मावशी तर बोलता बोलता ओकली आणि माझ्याच खाटेखालच्या भांड्यात ओकली. मी तिला पाणी दिलं. आजारी कोण होतं तेच कळेना.

तिथे एक परिचारिका होती, रोझलीन, माहेबुर्गकडची क्रिओल बाई. कोमट मिठाच्या पाण्याच्या टपात मला रोज बसवायचं आणि जखम पुसायची हे तिचं काम. ती पुसताना कधी तोंड वाकडं करत नसे, आणि तोंड वाकडं न करण्याचा आवही आणत नसे. आपल्या कोंबड्यांचं सांगत राहायची. कुठली अंड्यावर बसली, कुठलीला मुंगसाने नेली. एकदा मी रडायला लागले तर म्हणाली, "पा प्लोरे, मादाम. ही जखम आता गुलाबी झालीय. मी रोज बघते, तुम्हाला दिसत नाही." मला तिच्या त्या गुलाबी शब्दावर राग आला. तरी त्या दिवशी दुपारी मला भूक लागली, पहिल्यांदाच. पुढे तिच्या कोंबडीची खबर ऐकायला मी टपाची वाट बघू लागले.

*

तिथेच एक दिवस डॉक्टर यास्मिन आली. तरुण होती, परदेशातून नुकतीच शिकून आलेली. खाटेभोवती पडदा ओढून स्टुलावर बसली. म्हणाली, असा कॅन्सर क्वचितच होतो. आपल्या या छोट्या बेटावर तर मी असे फार थोडे बघितलेत. बाहेरच्या देशांत काही डॉक्टरांना संशय आहे की याच्यामागे एखादा विषाणू असावा. अंगावर मस उठवतो त्याच जातीचा. त्यांना तपासायला ऊतीचे तुकडे हवेत. तुमच्या अंगातून जे काढलं त्यातला एक भाग पाठवू का?

"त्याने मी बरी होईन?" मी विचारलं.

"नाही."

"मग कोण होईल?"

"कदाचित तुमची मुलगी वाचेल. कदाचित तिच्या मुली. कदाचित काहीच निघणार नाही."

खरं सांगते, मला वाटलं होतं ती गोड बोलेल. ती गोड बोलली असती तर मी नाही म्हटलं असतं. मी म्हटलं, "न्या. नाहीतरी ते तुम्ही फेकलंच असतं." माझं मांस बाटलीत बसून विमानाने जाणार आणि मी जन्मात विमानात बसले नव्हते, याचं मला हसू आलं आणि ओकारीही.

मग तिने प्रश्न सुरू केले. लग्न कितव्या वर्षी झालं? मुलं किती? अंगावर कधी मस होते का? आणि मग, कान लाल करून, "नवऱ्याखेरीज आणखी कोणाशी संबंध?"

मी उशाचा पाण्याचा पेला उचलला होता तो तिच्यावर मारायचाच बाकी होता. "काय समजता तुम्ही? माझं ते सगळं कापून नेलंत, आता अब्रूही नेणार?"

ती उठली नाही. म्हणाली, "विषाणू शरीरसंबंधातून जातो असा अंदाज आहे. म्हणून प्रत्येकीला विचारावं लागतं."

"प्रत्येकीला. आणि प्रत्येकाला?"

"नवऱ्यांनाही बोलावते. तपासायचं असतं, विचारायचं असतं. अजून एकही आलेला नाही."

मी पेला खाली ठेवला. म्हटलं, एकच. अठराव्या वर्षापासून एकच पुरुष, आणि तोही विचारून मिळालेला नाही. ती हसली, मीही हसले, आणि टाक्यांना ओढ बसून कळ आली.

संध्याकाळी हे आले तेव्हा डॉक्टर यास्मिननेच त्यांना सांगितलं, तुम्हीही या, अर्ध्या तासाचं काम आहे. ह्यांनी दोन्ही हात वर केले. "मो पा मालाद, म्वा," म्हणाले. मी आजारी नाही. एवढं बोलून घरी गेले, आणि घरी जाऊन आपल्या आईला सगळं सांगितलं. फक्त विषाणू पुरुषांतही असतो एवढंच सांगायचं राहिलं त्यांचं.

*

घरी आले ती मला पडवीच मिळाली. आता रक्त नव्हतं, तरी पडवीच. सासूबाईंनी माझा कप नळाशेजारी वेगळा ठेवला, माझे कपडे धुवायला वेगळी बादली, आणि तिच्यात झावेलचं, म्हणजे ब्लीचचं, तीव्र पाणी. त्या वासाने माझे डोळे चुरचुरायचे. विटाळाला काही हद्द होती, पाचव्या दिवशी तो संपायचा. ह्याला पाचवा दिवसच नव्हता.

गावात शब्द फिरला, मालादी साल, घाण रोग. कोणी तोंडावर बोललं नाही. देवळातल्या वर्गात मात्र पोरं कमी झाली. कोणाच्या आयांनी घरकामाची सबब सांगितली, कोणी म्हणे पोराला ताप आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच पोरांना शिकवलेलं, आणि आता माझी मूठ सगळ्या गावाने उघडून बघितली होती.

मला त्याचंही फार वाटलं नसतं. पण एक दिवस मी अनिताला म्हटलं, तहान लागली, तुझ्याच पेल्यातलं दे जरा. तिने पेला दिला. मी प्यायले आणि परत केला. ती तो हातात धरून उभी राहिली, मग मोरीत नेऊन घासला, राख लावून, पुन्हा पुन्हा. ती वाईट पोर नाही. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं ते तिने केलं. पण त्या दिवशी मी ठरवलं की हे मी सहन करणार नाही. माझं अंग गेलं ते गेलं. माझ्या मुलीच्या डोळ्यांत मी घाण आहे, हे मी ठेवून मरणार नव्हते.

*

काही महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर यास्मिनने सांगितलं, तुमच्या तुकड्यात विषाणू सापडला.

मी विचारलं ते मला लाज न बाळगता लिहायचंय, कारण कुणा बाईला तेच विचारायचं असेल आणि ती विचारणार नाही. मी विचारलं, कपाने जातो का? नाही. एका अंथरुणात मुलीने झोपलं तर? नाही. माझ्या हातचे मोदक खाल्ले तर?

"वजन वाढेल," ती म्हणाली.

कुठून आला, ते मात्र तिला सांगता येईना. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो, पुष्कळांच्या अंगात येतो आणि निघूनही जातो. कोणी, कधी, कुठे, ते सांगायला अजून कोणाकडे साधन नाही. मला तिचा राग आला. एवढ्या लांब मांस पाठवून उत्तर आलं ते अर्धंच.

तेवढ्यात गणपती आला. आमच्याकडे गणपती म्हणजे सगळं खानदान एका घरात. रोझ बेल गावची नणंद, दीर, त्यांची पोरं, सगळी आमच्या अंगणात. मी पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं, नवं लुगडं नेसले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. पिठी उकडलेली होती. मी परातीपुढे बसले आणि हाताला तेल लावलं.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "देवाच्या निवेदाला हात नको लाव. तुझ्या अंगात ती घाण हाय."

सगळ्या बायकांचे हात थांबले. दारात हे मूर्तीचा पाट घेऊन उभे होते. मी उठले नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "डॉक्टरांना विषाणू सापडला. कुठून आला ते सांगता येत नाही म्हणतात. पण तो पुरुषाकडून बाईकडे जातो आणि बाईकडून पुरुषाकडे, एवढं त्यांना कळलंय. मला एकच पुरुष माहीत आहे, आणि तो तुमचा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर द्या. माझं मांस मी बाटलीत घालून सातासमुद्रापार पाठवलं. आता ज्याला माझ्याकडे बोट दाखवायचं असेल त्याने आधी स्वतःला दाखवून यावं."

आमच्या घरात कोणी असं बोललेलं नव्हतं, आणि गणपतीच्या दिवशी तर नाहीच. नणंदेने पदर तोंडात कोंबला. सासूबाई ह्यांच्याकडे बघत होत्या. मी पहिला मोदक वळायला घेतला. त्याच्या पाकळ्या फाटल्या, पण मी तो परातीत ठेवला आणि दुसरा घेतला. सासूबाईंनी तो काढून टाकला नाही. जेवताना तो कोणी खाल्ला ते मला माहीत नाही, मी बघितलं नाही.

विसर्जन झालं, नदीवरून सगळे परतले, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "कधी हाय ती दोक्तेर?"

*

ते एकटेच गेले. मला नको म्हणाले. पुरुषाला तपासताना काय करतात ते रोझलीनने मला नंतर सांगितलं. व्हिनेगर लावून भिंगातून बघतात. ती सांगताना हसून हसून बेजार झाली. दिवस कलता आमचे हे बसमधून उतरून आले तेव्हा त्यांच्या अंगाला खरंच लोणच्याचा वास येत होता. मला त्या वासाची मौज वाटायला हवी होती. मी फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

सासूबाई पडवीच्या पायरीवर तूर सोलत होत्या. मी चटईवर, आणि अनिता माझ्या शेजारी शाळेचं वाचत बसलेली. ती गणपतीपासून येऊन बसू लागली होती, जरा हातभर अंतर राखून.

"काय म्हटला दोक्तेर?" सासूबाईंनी विचारलं.

"काय नाय सापडला," हे म्हणाले.

सासूबाईंनी असा श्वास सोडला की मला वाटलं, बरेच दिवस त्यांनी तो धरून ठेवला होता. मग त्या माझ्याकडे वळल्या. "बघ," म्हणाल्या. "माझ्या लेकात काय नाय. म्हंजे जा काय हाय ता हिच्यातच." आणि अनिताला, "ऊठ गो, आवशीजवळून ऊठ. आत ये."

डॉक्टरने मला बजावलं होतं की न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, पुरुषाच्या अंगातून तो निघूनही गेलेला असतो. हे मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की याचा काही उपयोग नाही. आता मी काहीही बोलले तरी ती एका घाणेरड्या बाईची पळवाट ठरणार. अनिताने पुस्तक मिटलं आणि एक गुडघा उचलला.

"बस, अनिता," हे म्हणाले.

ते पायरीखाली उभेच होते, चपलाही काढलेल्या नव्हत्या.

"आये, सापडला नाय ता खरा. पण तिनं मना पण विचारला. हिला विचारला ताच. किती बाया." त्यांनी खाली बघितलं. "मी खरा सांगितला. साखर गोण्यांतून बंदरावर जायची ना, तवा. पोर लुईच्या बंदरात रातीला लॉरी उभी रायची. लगीन झाल्यावरचा हाय. एकदा नाय, लय वेळा."

सासूबाईंच्या मांडीवरच्या शेंगा तशाच राहिल्या. "पोरीसमोर बोलतोस?" त्या कशाबशा म्हणाल्या.

"पोरीसमोरच तू हिला घाण म्हटलास," हे म्हणाले.

त्या क्षणी मला त्या माणसाची जितकी किळस आली तितकी मला माझ्या जखमेचीही आली नव्हती. ते बंदर, ती लॉरी, तिथून पहाटे येऊन माझ्याच अंथरुणात त्यांचं पडणं, आणि मी त्यांच्यासाठी तापवलेलं अंघोळीचं पाणी, सगळं एकदम समोर उभं राहिलं. माझ्या सगळ्या कापलेल्या अंगाने मी त्यांचा तिरस्कार केला. आणि हेही मला कळत होतं की ते गप्प बसले असते तर चाललं असतं. काही सापडलं नव्हतं. उभ्या जन्मात त्यांना कोणी पकडलं नसतं. या दोन गोष्टी माझ्यात अजून एक झालेल्या नाहीत. मंडळातल्या बायका विचारतात, तुम्ही त्यांना माफ केलंत का? मी सांगते, मी त्यांना जेवायला वाढते. पुढचं विचारू नका.

हे चपला काढून आत गेले. सासूबाई शेंगा वेचू लागल्या, खाली मान घालून. अनिता एक गुडघा उचलून तशीच थांबली होती, ना उठलेली ना बसलेली, बापाच्या पाठीकडे बघत. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला धीर नव्हता.

मग तिने गुडघा खाली टेकला, माझ्याकडे सरकली, आणि माझ्या मांडीला मांडी लावून पुस्तक उघडलं.